एआयच्या काळात लाइव्ह शो आणि स्पोर्ट्सचा धंदा खरंच सेफ आहे का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की एआय आता गाणी बनवतंय, व्हिडिओ बनवतंय, कॉमेंट्री पण करतंय, मग जे समोर प्रत्यक्ष घडतं तेवढंच शेवटी टिकणार, तर कॉन्सर्ट, इव्हेंट, स्पोर्ट्स लीग यात करिअर करावं का, पैसा लावावा का. मी बरीच वर्षं प्रॉडक्शन आणि तिकिटिंग दोन्हीकडे काम केलंय, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. मागणी टिकेल, बहुतेक वाढेलच. पण मागणी वाढली म्हणजे तुमच्या हातात पैसा येईल असं या धंद्यात अजिबात नसतं, आणि या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस बुडतो.

आधी मागणीचं बघू. मशीन माणसापेक्षा सरस झालं की माणसाचा खेळ कोण बघणार ही भीती खूप जुनी आहे आणि तिची परीक्षा कधीच होऊन गेलीय, बुद्धिबळात. १९९७ मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं. आज साध्या फोनवर चालणारं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, जगज्जेत्याला सहज हरवतं. या हिशोबाने माणसांचं बुद्धिबळ बघणं बंद पडायला हवं होतं, पण झालं उलटंच, चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटचे २०२२ च्या शेवटी १० कोटी मेंबर होते आणि २०२५ मध्ये २० कोटी झाले. इंजिन विरुद्ध इंजिन अशा स्पर्धा पण होतात, त्यातलं बुद्धिबळ माणसांपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचं असतं, आणि ते बघायला मूठभर शौकीन असतात.

डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा म्हणजे शेवटचा डाव आठवा. गुण समान, डाव बरोबरीकडे चाललेला, आणि ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेला. स्क्रीनच्या कडेला कोण वरचढ आहे ते दाखवणारी जी इंजिनची पट्टी असते ती झटक्यात काळ्याच्या, म्हणजे गुकेशच्या बाजूला गेली. म्हणजे घरी बसलेल्या, खेळ जेमतेम समजणाऱ्या माणसालाही कळलं की डिंग चुकला. ज्याला कळणं गरजेचं होतं त्या गुकेशला मात्र ती पट्टी दिसत नव्हती. मग कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि थोड्या वेळाने त्याचे डोळे मोठे होतात, त्याला दिसलं! उत्तर लाखो लोकांना आधीच माहीत होतं, तरी सगळे स्क्रीनला चिकटून होते कारण प्रश्न एवढाच उरला होता की याला दिसेल का. मला विचाराल तर एआयच्या काळातल्या लाइव्ह धंद्याचं सगळं मर्म त्या काही सेकंदांत आहे. मशीनने तिथे बघणाऱ्याला नजर दिली, खेळला माणूस, आणि पणाला लागलेलं होतं ते पण माणसाचंच.

याच खेळाने दुसरी बाजू पण दाखवलीय. २०२२ मध्ये एका पराभवानंतर तेव्हाचा जगज्जेता कार्लसनने सिंकफील्ड कप ही स्पर्धा अर्ध्यात सोडली, चीटिंगच्या संशयाची चर्चा जगभर झाली, आणि आयोजकांनी लगेच प्रक्षेपण १५ मिनिटं उशिरा दाखवायला सुरुवात केली, खेळाडूंची तपासणी कडक केली. म्हणजे समोरचा माणूस स्वतःच्या डोक्याने खेळतोय याची खात्री गेली की विकायला काही उरतच नाही. ही खात्री आपोआप मिळत नाही, ती कोणीतरी उभी करावी लागते, तिला खर्च येतो, आणि पुढच्या काळात लाइव्ह धंदा चालवणाऱ्याचं मुख्य काम हेच असणार आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेक्षकांबद्दल पण थोडं सांगतो. मे २०२० मध्ये, कोविडच्या काळात, जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. खेळाडू तेच, नियम तेच, कॅमेरे तेच, आणि तरी टीव्हीवर बघताना काहीतरी मेलेलं वाटायचं, शेवटी चॅनेलवाल्यांनी रेकॉर्ड केलेला गर्दीचा आवाज वरून चढवला. नंतर त्या काळातल्या मॅचेसवर जे अभ्यास झाले त्यात असंही दिसलं की बंद दाराआड रेफरींनी पाहुण्या टीमला दाखवलेली पिवळी कार्ड कमी झाली. म्हणजे गर्दी नुसती तिकीट काढून बसत नाही, ती खेळाच्या आतपर्यंत पोचते. आपण ज्याला प्रेक्षक म्हणतो तो खरं तर प्रॉडक्टचाच भाग आहे, आणि हा भाग कुठल्याही सॉफ्टवेअरने बनवता येत नाही.

दुसरीकडे रेकॉर्डेड गोष्टींचा पूर आलाय. डीझर या म्युझिक कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज ५० हजारांहून जास्त पूर्ण एआयने बनवलेली गाणी येतात, रोजच्या एकूण अपलोडच्या साधारण ३४ टक्के. रेकॉर्डिंग विकून पोट भरणं आधीच अवघड होतं, आता गाणं हे बहुतेक कलाकारांसाठी शोची जाहिरात झालंय. स्पोर्ट्समध्ये हेच राइट्सच्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या हक्कांच्या किमतीत दिसतं. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने २०२४ मध्ये ११ वर्षांचे करार केले, साधारण ७६ अब्ज डॉलर्सचे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे मीडिया राइट्स ४८,३९० कोटी रुपयांना गेले. अमेरिकेत २०२३ मध्ये टीव्हीवर सगळ्यात जास्त बघितल्या गेलेल्या १०० कार्यक्रमांपैकी ९३ एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या मॅचेस होत्या. कारण साधं आहे, बाकी सगळं लोक नंतर बघतात, पुढे ढकलून बघतात, मॅच मात्र त्याच वेळी बघावी लागते म्हणून जाहिरातदाराला तिथेच यावं लागतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पैशाचं बघू, कारण पुढचं कोणी सांगत नाही.

शो संपतो, लोक अजून बाहेर पडत असतात, रोडी, म्हणजे सामान लावणारे-काढणारे, केबल गुंडाळत असतात, आणि मागच्या एका खोलीत प्रमोटर, म्हणजे स्वतःचा पैसा लावून शो भरवणारा, आणि कलाकाराचा टूर मॅनेजर सेटलमेंटला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला बसतात. समोर शीट असते. वर तिकिटांचा ग्रॉस म्हणजे एकूण गल्ला, त्यातून टॅक्स वजा, मग हॉलचं भाडं, साउंड, लाइट, जनरेटर, लेबर, सिक्युरिटी, अँब्युलन्स, इन्शुरन्स, जाहिरात, जेवण, फोर्कलिफ्टचे जादा तास, अगदी टॉवेलचं बिल सुद्धा. कलाकाराला गॅरंटी असते किंवा खर्च सुटल्यावर उरलेल्यातला ८५ टक्के वगैरे हिस्सा, दोन्हीतलं जे जास्त असेल ते. हाउसफुल शोच्या रात्री पण शेवटच्या ओळीत प्रमोटरच्या वाट्याला येणारा आकडा बघितला तर नवीन माणसाला वाटतं की कुठेतरी बेरीज चुकलीय. चुकलेली नसते, धंदा असाच आहे. लाइव्ह नेशन ही कॉन्सर्टच्या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी कंपनी, तिच्यासुद्धा कॉन्सर्ट विभागाचं मार्जिन वर्षानुवर्षं एकदम बारीक असतं, खरा नफा तिकिटिंग आणि स्पॉन्सरशिपमधून येतो.

आता त्याच शीटवर बोट ठेवून विचारा की एआयने यातली कुठली ओळ कमी होईल. जाहिरातीची होईल, पोस्टर आणि व्हिडिओ आधीच स्वस्त झालेत. ऑफिसची कारकुनी कमी होईल, म्हणजे ईमेल, कॉल शीट (कोणी कधी कुठे पोचायचं त्याचा कागद), रायडरची (कलाकाराच्या अटींच्या यादीची) छाननी, भाषांतर. पण ट्रक तेवढेच लागतील, लाइट-साउंड टांगायचे लोखंडी सांगाडे, म्हणजे ट्रस, वर चढवायला तेवढीच माणसं, गेटवर तेवढेच गार्ड, हॉटेलच्या तेवढ्याच खोल्या. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच हे मांडून ठेवलंय, की चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी चार माणसं लागायची आणि आजही चारच लागतात, बाकीच्या जगात उत्पादकता वाढते तसे पगार वाढतात आणि इथे खर्च वाढत राहतो पण काम काही वेगाने होत नाही. एआयमुळे हे अंतर अजून वाढणार. बाकी सगळं स्वस्त होत जाईल आणि लाइव्ह त्या तुलनेत महाग होत जाईल. म्हणून तिकिटं महाग होतायत, नुसतं प्रमोटरच्या हावरटपणाचं खापर फोडून उपयोग नाही, जरी तो पण काही ठिकाणी असतोच.

मग महाग तिकीट लोक वर्षातून किती वेळा काढणार? एकदा, फार तर दोनदा. आणि मग ते सगळ्यात मोठ्या नावाचंच काढतात. टेलर स्विफ्टची इराज टूर, २०२३ ते २०२४, १४९ शो, दोन अब्ज डॉलर्सच्या वर तिकीट विक्री. आणि त्याच काळात, २०२३ या एका वर्षात, ब्रिटनमध्ये १२५ छोट्या म्युझिक व्हेन्यू बंद पडल्या किंवा त्यांनी लाइव्ह शो करणं सोडलं, हा त्यांच्याच म्युझिक व्हेन्यू ट्रस्टचा आकडा आहे, आणि उरलेल्यांचं सरासरी नफ्याचं प्रमाण अर्धा टक्का. अर्धा टक्का! ज्या छोट्या हॉलमध्ये उद्याचा स्टेडियमवाला कलाकार तयार होतो तो हॉलच जर बंद पडला तर आणखी १५ वर्षांनी स्टेडियममध्ये कोण उभं राहणार याची मला खरंच काळजी वाटते. मोठ्या शोच्या प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम छोट्या जागांसाठी बाजूला काढायची कल्पना तिकडे सुरू झालीय आणि मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. स्पोर्ट्समध्येही तसंच, वरच्या लीगचे राइट्स आकाशाला भिडलेत आणि खालच्या स्तरावर ग्राउंडचं भाडं परवडत नाही.

त्यामुळे "लाइव्ह सेफ आहे" हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारा, कुठल्या पायरीवरचं लाइव्ह?

आता एआय नक्की कुठे कामाला येतं, कारण मी काही त्याच्या विरोधात नाही, रोज वापरतो. सगळ्यात जास्त उपयोग मागणीच्या अंदाजात होतो. प्रीसेलच्या, म्हणजे मुख्य विक्रीआधीच्या विक्रीच्या, पहिल्या काही तासांचा वेग बघून दुसरा शो जाहीर करायचा की नाही, वरचा स्टँड उघडायचा की पडदा टाकून ठेवायचा, हे निर्णय आधी अनुभवी माणसाच्या अंदाजाने व्हायचे, आता मॉडेल बरंच आधी सांगतं आणि बऱ्याचदा बरोबर सांगतं. कोणत्या गेटवर किती स्टाफ, कुठल्या स्टॉलवर माल कधी संपेल, हे पण. हायलाइट्स आपोआप कापून पाच मिनिटांत दहा भाषांत टाकणं, हे तर आता छोट्या लीगलाही परवडतं आणि त्यांच्यासाठी ही खूप मोठी गोष्ट आहे कारण प्रॉडक्शनचा ट्रक त्यांना कधीच परवडला नसता.

गर्दीच्या सुरक्षेत याचा उपयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एका चौरस मीटरमध्ये पाचच्या वर माणसं गेली की धोका सुरू होतो, सहा-सातला माणूस स्वतःच्या पायाने हलू शकत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. हे वरून नुसत्या डोळ्यांनी बघून कळत नाही, कॅमेरा आणि मॉडेलला कळतं. पण कळल्यावर पुढे काय? २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड फेस्टिवलमध्ये १० जीव गेले. तिथे मास कॅज्युअल्टी, म्हणजे एकाच वेळी बरेच जण जखमी झाल्याची आणीबाणी, जाहीर झाल्यावरही शो अर्ध्या तासाच्या वर चालू राहिला, आणि प्लॅनप्रमाणे शो थांबवायचा अधिकार फक्त दोन जणांकडे होता. त्यामुळे कोणी मला गर्दी मोजायचं सॉफ्टवेअर विकायला आलं की मी एवढंच विचारतो, लाल दिवा लागल्यावर आवाज बंद करायचं बटण कोणाच्या हातात आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागते. याचं उत्तर लेखी नसेल तर ते सॉफ्टवेअर शोभेचं आहे.

अंपायरिंगमध्ये गोष्ट जरा नाजूक आहे. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पॉइंट सेकंदाला ५० वेळा टिपले जायचे, आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा डेटा पाठवायचा. अचूकता वाढली यात वाद नाही. पण स्टेडियममध्ये बसलेल्याला गोल झाल्यावर उडी मारायची की थांबायचं हेच कळेनासं झालं तर त्याच्या तिकिटाची किंमत आपणच कमी करतोय. जे टेक्नॉलॉजी आणतात त्यांनी निर्णयाची अचूकता जशी मोजतात तसा निर्णयाला लागणारा वेळही मोजला पाहिजे, आणि मैदानातल्या माणसाला काय चाललंय ते दिसलं पाहिजे. विम्बल्डनने २०२५ मध्ये बॉल आत की बाहेर ते सांगणारे लाइन जज काढून पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॉल आणले, आणि त्याच वर्षी सेंटर कोर्टवर रशियाच्या पावल्युचेन्कोवाच्या मॅचमध्ये कोर्टच्या एका भागातली सिस्टिम चुकून बंद राहिली. बॉल स्पष्ट बाहेर पडला, कॉल आला नाही, अंपायरने पॉइंट पुन्हा खेळायला लावला आणि तो गेम तिने गमावला. मॅच ती जिंकली म्हणून निभावलं. आयोजकांनी माफी मागितली आणि मॅच चालू असताना ऑपरेटरला सिस्टिम बंदच करता येणार नाही असा बदल केला. मला यात मशीनपेक्षा दुसरी गोष्ट खटकते, अंपायर समोर बसला होता, त्याने बॉल बाहेर पडताना बघितला असणार, नियमाप्रमाणे सिस्टिमचा कॉल आला नाही तर निर्णय त्यानेच द्यायचा असतो, पण बघून निर्णय द्यायची सवयच सिस्टिमने त्याच्याकडून काढून घेतलेली. माणूस बॅकअपला ठेवायचा असेल तर त्याला नुसता कागदावरचा अधिकार नको, सराव पण हवा.

तिकिटाच्या किमतींवर थोडं जास्त बोलतो कारण माझा जीव तिथेच अडकलाय. ऑन-सेलच्या, म्हणजे तिकीट विक्री सुरू व्हायच्या सकाळी कंपनीच्या बाजूला बसलात की दिसतं काय चालतं ते. घड्याळात वेळ झाली की काही सेकंदांत ऑनलाइन रांगेत माणसांपेक्षा बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं उचलणारे प्रोग्राम, जास्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये इराज टूरच्या प्रीसेलला टिकिटमास्टर या तिकीट कंपनीच्या सिस्टिमवर साडेतीन अब्ज रिक्वेस्ट आल्या आणि सगळं कोसळलं. अमेरिकेत बॉटविरोधी कायदा २०१६ पासून आहे, तरी ही अवस्था. आणि आता तर सामान्य फॅनच स्वतःचा एआय एजंट, म्हणजे त्याच्या वतीने काम करणारा प्रोग्राम, रांगेत उभा करेल, मग बॉट कुठला आणि फॅनचा मदतनीस कुठला हे ओळखायचं कसं? माझ्या मते रांगेत वेगाला महत्त्व देणारी सगळी पद्धत आता मोडीत काढायला हवी. आधी नोंदणी, मग सोडत, तिकीट नावावर, आणि मूळ किमतीलाच परत विकता येईल अशी अधिकृत सोय. यात प्रमोटरचा गाजावाजा कमी होतो, "दहा मिनिटांत सोल्ड आउट" अशी बातमी येत नाही, म्हणून कोणाला नको असतं.

ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या तिकिटांचं २०२४ चं प्रकरण बघा. उभं राहायची साधारण १५० पौंडांची तिकिटं रांगेतल्या लोकांना साडेतीनशेच्या वर दिसली आणि सगळीकडे अल्गोरिदमच्या नावाने ओरड झाली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने तपास केला तर निघालं काय, मिनिटामिनिटाला किंमत वाढवणारा अल्गोरिदम तिथे नव्हताच, दोन ठरलेल्या किमती होत्या, स्वस्त संपली की महाग, आणि हे लोकांना आधी नीट सांगितलं नव्हतं. राग किमतीचा होताच, पण जास्त राग अंधारात ठेवल्याचा होता. किंमत मॉडेलने ठरवा नाहीतर वहीत लिहून ठरवा, रांगेत उभं राहण्याआधी माणसाला किंमत माहीत पाहिजे. फॅनचं प्रेम हे काही अजून वसूल व्हायचं राहिलेलं बिल नाही, एका रात्रीत जास्तीत जास्त काढून घ्याल तर पुढच्या टूरला तो येणार नाही, आणि हा तोटा कुठल्याच मॉडेलच्या शीटवर दिसत नाही कारण तो दोन-तीन वर्षांनी येतो.

डिजिटल कलाकारांबद्दल पण विचारलं जातं. लंडनमध्ये मे २०२२ पासून आबा (ABBA) या स्वीडिश पॉप ग्रुपचा शो चालू आहे, चार गायकांचे तरुणपणीचे डिजिटल अवतार, ३,००० लोकांसाठी मुद्दाम बांधलेली जागा. लोक हा शो दाखवून म्हणतात बघा माणसाची गरज संपली. पण आत काय आहे ते बघा, स्टेजवर दहा जणांचा खराखुरा बँड वाजवत असतो, त्या चौघांनी स्वतः मोशन कॅप्चर सूट, म्हणजे शरीराच्या हालचाली टिपणारे कपडे, घालून पाच आठवडे परफॉर्म केलंय, आणि पुढे हजारो लोक एकत्र नाचतायत. माझा अंदाज असा आहे की ज्यांच्याशी लोकांचं आधीच नातं आहे त्यांचे अवतार चालतील, शून्यातून बनवलेला कलाकार स्टेजवर दोन तास गर्दी धरून ठेवेल असं मला वाटत नाही.

करिअरचं म्हणाल तर नुसती कोऑर्डिनेशनची, म्हणजे इकडचा मेल तिकडे पाठवायची नोकरी धरू नका, ती कमी होतेय. स्टेज मॅनेजमेंट, रिगिंग (लाइट-साउंडचं सामान वर टांगायचं काम), साउंड, क्राउड सेफ्टी, ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंग यातलं काहीतरी हाताने शिका, आणि सोबत डेटा वाचायला शिका. दोन्ही येणारी माणसं आम्हाला मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

आणि पैसा लावायचा असेल तर सही करण्याआधी करारात तीन गोष्टी शोधा. तिकीट घेणाऱ्याचा डेटा कोणाचा, तुमचा की प्लॅटफॉर्मचा, कारण पुढच्या शोचा अंदाज त्यावरच बांधता येतो आणि बहुतेक वेळा तो प्लॅटफॉर्मकडेच राहतो. शोचं रेकॉर्डिंग, कलाकाराचा आवाज आणि चेहरा, खेळाडूंचा ट्रॅकिंग डेटा हे मॉडेल ट्रेन करायला वापरायची परवानगी कोण देऊ शकतं आणि त्याचे पैसे कोणाला. हे कलम आता "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" अशा शब्दांत गुपचूप घुसवलेलं असतं, तिथे कलाकाराच्या बाजूने उभे राहा, तो नाराज झाला तर तुमच्या शोला अर्थ नाही. अमेरिकेत टेनेसीने २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध कायदाच केलाय, बाकी बऱ्याच ठिकाणी अजून करारातल्या शब्दांवरच भिस्त आहे. आणि तिसरं, शो रद्द झाला तर कोणाचं किती जातं. हवामान, आजारपण, सिस्टिम बंद पडणं, या प्रत्येकाचं वेगळं कलम असतं, सिस्टिम बंद पडण्याचं बऱ्याच जुन्या फॉरमॅटमध्ये नसतंच. ते लिहून घ्या, इन्शुरन्सवाल्याकडून लेखी खात्री करून घ्या, आणि मगच ॲडव्हान्स द्या.